शाळा सुटून चाळीस वर्षांनी

बेंगळूरु शहरातून विमानतळाकडे निघालं की मेखरी सर्कल मागे पडतं आणि बळ्ळारी रस्त्यावर हेब्बाळ लागतं. एकीकडे तलाव, डोक्यावर उड्डाणपुलांचे फाटे आणि खाली बसची वाट बघणारी माणसं. या परिसराचा शिक्षणाशी संबंध जुना आहे. १८९९ मध्ये म्हैसूरच्या महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी इथली ३० एकर जमीन शेतीच्या प्रयोगांसाठी दिली. डॉ. लेहमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्यावर काम सुरू केलं. १९१३ मध्ये इथे शेतीशाळा निघाली, १९४६ मध्ये कृषी महाविद्यालय झालं आणि पुढे त्यातूनच कृषी विद्यापीठ उभं राहिलं. पशुवैद्यक महाविद्यालय इथे आहे, शेतीला उपयोगी आणि उपद्रवी कीटकांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. थोडं पुढे गेलं की जीकेव्हीके या कृषी विद्यापीठाच्या आवारात जीवशास्त्राचं नामांकित संशोधन केंद्र आहे. रिंग रोडने नागवाराकडे वळलं की मान्यता टेक पार्कच्या काचेच्या इमारती दिसतात.

त्याच इमारतींच्या आणि मेट्रोच्या बांधकामावर राबणारी माणसं जवळच पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. यादगीर, रायचूर, कलबुर्गी या जिल्ह्यांतून अशी कुटुंबंच्या कुटुंबं बेंगळूरुला येतात. म्हणजे दोन-तीन किलोमीटरच्या टापूत पीएच.डी. झालेली बाई सापडते आणि हजेरीपटावर अंगठा उठवणारी बाईही सापडते. मग हेब्बाळच्या प्रौढ माणसांची शैक्षणिक पातळी काय, असं कुणी विचारलं तर उत्तर कसं द्यायचं?

सरकारी उत्तर जनगणनेत आहे. २०११ मध्ये बेंगळूरु शहर जिल्ह्याची साक्षरता ८७.६७ टक्के होती आणि यादगीरची ५१.८३ टक्के. हे आकडे शेजारी ठेवले की मन लगेच निकाल देऊन मोकळं होतं: बेंगळूरुच्या शाळा उत्तम, यादगीरच्या वाईट. निकालाचा दुसरा भाग बराचसा खरा आहे. पहिल्या भागात मात्र गफलत आहे. सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकलेला इंजिनिअर हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये राहायला आला की त्याची पदवी बेंगळूरुच्या खात्यात जमा होते. त्याला घडवायला सांगलीने जे खर्च केलं, ते सांगलीच्या आकड्यात कुठेच उरत नाही. यादगीरच्या ज्या मुलीला कधी शाळा दिसलीच नाही, ती बाई होऊन इथे विटा वाहायला आली, तर तिची निरक्षरताही बेंगळूरुच्याच नावावर लागते. अर्थात, तिच्या शेडपर्यंत प्रगणक पोचला तर.

ही गोष्ट हेब्बाळच्या तलावावरून चटकन समजते. हा तलाव केंपेगौडांच्या काळातला, १५३७ च्या सुमाराचा मानला जातो. तलावात आज किती पाणी आहे हे एक माप आणि यंदा पाऊस किती पडला हे दुसरं. पाऊस उत्तम होऊनही तलाव अर्धा असू शकतो, कारण मागची कित्येक वर्षं कोरडी गेलेली असतात. शाळेत आज किती मुलं जातात हा झाला पाऊस. प्रौढ लोकसंख्येचं शिक्षण हा साठा आहे, आणि त्याला भरायला पिढ्या लागतात. इथे आपण साठ्याचं बोलणार आहोत, कारण देशाचा रोजचा गाडा याच साठ्यावर चालतो. शेतीतली औषधं किती मात्रेने मारायची हे ठरवणारा, मुलाला ताप आल्यावर बाटलीवरची सूचना वाचणारी, बँकेच्या कर्जाच्या कागदावर सही करणारा, ग्रामपंचायतीच्या ठरावाला हात वर करणारी, हे सगळे प्रौढ असतात. त्यांची शाळा कधीच सुटलेली असते.

साक्षर कुणाला म्हणायचं, याचं उत्तर आपल्या देशात दर काही दशकांनी बदलत आलं आहे. १८८१ च्या जनगणनेत माणसांचे तीन वर्ग केले होते: शिकत असलेले, लिहिता-वाचता येणारे आणि न येणारे. पुढे पहिले दोन एकत्र केले गेले. १९११ मध्ये एक सुंदर कसोटी ठरली. मित्राला पत्र लिहिता आलं पाहिजे आणि त्याचं उत्तर आलं तर ते वाचता आलं पाहिजे. मला ही कसोटी फार आवडते, कारण तिच्यात माणूस अक्षरांचा उपयोग कशासाठी करतो याचं भान आहे. आजची व्याख्या अशी: वय सात किंवा त्याहून जास्त आणि कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येणं. सातची ही अट १९९१ पासून आली. कानडी न येणारा पण मराठी वाचणारा माणूस त्यामुळे हेब्बाळमध्येही साक्षरच ठरतो, मग बसवरची पाटी त्याला वाचता येवो न येवो.

साक्षरता हा फक्त उंबरठा. त्याच्या आतल्या पायऱ्या जनगणना वेगळ्या मोजते: प्राथमिकपेक्षा कमी, प्राथमिक, माध्यमिकच्या आधीचा टप्पा, दहावी, बारावी, पदवीपेक्षा खालची पदविका, पदवी आणि त्यापुढे. इथे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. जी पायरी पूर्ण केली तीच धरायची. दहावीत बसून नापास झालेल्याच्या नावावर दहावी लागत नाही. आपल्याकडे ‘दहावी नापास’ ही जवळजवळ एक पदवीच आहे. लग्नाच्या स्थळांच्या माहितीत ती लिहिली जाते, रिक्षाचालकाच्या मुलाखतीत सांगितली जाते. पण जनगणनेच्या लेखी तो माणूस आठवी पूर्ण केलेल्यांच्या गटात जाऊन बसतो. दहा वर्षं शाळेत गेल्याचा त्याचा हिशेब एका गणिताच्या पेपरने मागे ओढलेला असतो.

आणि पायरीची उंची तरी कुठे कायम राहते? महाराष्ट्रात १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली. त्याआधी मॅट्रिक म्हणजे अकरावी. त्याही आधीच्या पिढीत सातवीला व्हर्नाक्युलर फायनल होती. घरातले वडीलधारे तिला नुसतं ‘फायनल’ म्हणत. फायनल पास झालेला माणूस प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शकत असे. गावात त्याला अर्ज लिहायला, दस्त वाचायला, भांडण मिटवायला बोलावत. आज सातवीपर्यंत शिकलेल्याला गोदामात माल उचलण्यापलीकडचं काम मिळताना मारामार. आजोबांची सातवी आणि नातवाची सातवी तक्त्यात एकाच रकान्यात बसतात, पण समाजात त्यांची जागा एक नाही. शिकलेल्यांची संख्या वाढत जाते तशी प्रत्येक पायरीची बाजारातली किंमत उतरत जाते, आणि जो खालीच राहिला तो पूर्वीपेक्षा जास्त मागे पडतो.

देशादेशांची तुलना करायची तर अडचण आणखी वाढते. कर्नाटकातली पीयूसी, आपली बारावी, जर्मनीतली शाळा संपवण्याची परीक्षा यांना एका मापात आणायचं कसं? त्यासाठी युनेस्कोने १९७० च्या दशकात शिक्षणाचं एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण केलं. २०११ मध्ये सुधारलेल्या वर्गीकरणात शून्य ते आठ अशा नऊ पातळ्या आहेत. शून्य म्हणजे बालवाडी, आठ म्हणजे डॉक्टरेट. दुसरं माप आणखी सोपं: २५ वर्षांवरच्या माणसांनी सरासरी किती वर्षं शाळा-कॉलेजात काढली. रॉबर्ट बॅरो आणि जाँग-व्हा ली या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात जगभरच्या देशांसाठी हे आकडे जुळवले आणि तेव्हापासून हे माप सगळीकडे रुळलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकातही ते वापरतात.

२५ ची अट का? तोवर बहुतेकांचं शिक्षण संपलेलं असतं म्हणून. पण सरासरीचा धोका असा की ती दरी झाकते. हेब्बाळमधल्या दहा प्रौढांची कल्पना करू. एक संशोधक, शिक्षणाची २० वर्षं. एक पशुवैद्य, १७. दोन सॉफ्टवेअर इंजिनिअर, प्रत्येकी १६. एक दुकानदार, १२. रखवालदार सातवी, भाजीवाली चौथी आणि बांधकामावरचे तिघं शून्य. बेरीज ९२, सरासरी ९.२. या दहांत नववीपर्यंतच शिकलेला एकही नाही. दुसऱ्या एखाद्या गावात दहाच्या दहा जणांनी नववीनंतर शाळा सोडली असेल तर सरासरी जवळपास तेवढीच येईल. दोन्ही गावांना एकच औषध देणं म्हणजे पायमोडक्याला आणि तापकऱ्याला एकच गोळी. म्हणून सरासरी कुणी सांगितली की पुढचा प्रश्न विचारायचा: शून्यावर किती जण आहेत?

भारताचं माप काय सांगतं बघा. २०२५ च्या मानव विकास अहवालात भारतीय प्रौढांची शालेय वर्षं सरासरी ६.९ दिली आहेत. त्याच पानावर दुसरा आकडा आहे. आज शाळेत प्रवेश घेणारं मूल, सध्याचं प्रमाण असंच राहिलं तर, सरासरी १३ वर्षं शिकेल. मूल १३, मोठी माणसं सातसुद्धा नाहीत. पाऊस आणि साठा यांतलं अंतर याहून स्पष्ट दिसणार नाही.

हे अंतर कुठून आलं, याचा शोध घेत मागे गेलो की काही नेमक्या तारखा सापडतात. ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. सरकार शेतकऱ्याकडून सारा घेतं आणि तो पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च करतं, हे त्यांचं म्हणणं होतं. सरकारने ऐकलं नाही. मार्च १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्यांची मागणी फार माफक होती. सक्ती सरसकट नको, ज्या नगरपालिकांची आणि लोकल बोर्डांची तयारी असेल त्यांना ती हळूहळू लागू करण्याची मुभा द्या. पुढच्या वर्षी, मार्च १९१२ मध्ये, हे विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं.

आता १९५१ च्या जनगणनेकडे या. साक्षरता १८.३३ टक्के, स्त्रियांची ८.८६. हा आकडा पाहून नव्या सरकारला दोष देता येत नाही. १९१२ मध्ये सहा वर्षांचं असलेलं मूल १९५१ मध्ये पंचेचाळिशीचं झालं होतं, कर्त्या वयाचं, पोराबाळांचं. त्याच्या पाटीचा निर्णय त्या मतदानात झाला होता. ३८ हात वर गेले आणि त्याचा परिणाम पुढची साठ वर्षं जनगणनेच्या तक्त्यात दिसत राहिला.

संस्थानांनी मात्र वेगळी वाट धरली होती. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मुलींनाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. म्हैसुरात, म्हणजे हेब्बाळ ज्या राज्यात होतं तिथे, विश्वेश्वरय्या १९१२ मध्ये दिवाण झाले तेव्हा शंभरात जेमतेम सहा माणसं साक्षर होती. १९१३ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीचा कायदा करवून घेतला आणि १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ सुरू केलं. हेब्बाळची शेतीशाळा त्याच धामधुमीतली. यादगीर, रायचूर, कलबुर्गी तेव्हा म्हैसुरात नव्हते, निजामाच्या राज्यात होते. आमचा मराठवाडाही तिथेच होता. निजामी राजवटीत सामान्य माणसाच्या शाळेकडे फारसं लक्ष गेलं नाही, आणि त्यातही शिक्षणाचा भर उर्दूवर, मराठी-कानडी-तेलुगू मुलांच्या घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेवर. आज हेब्बाळला पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या आईचं निरक्षर असणं आणि तिच्याच शेजारच्या जुन्या म्हैसुरी कुटुंबातल्या आजीचं वर्तमानपत्र वाचणं, यामागे गेल्या दोन-तीन दशकांचं सरकारी दुर्लक्ष तर आहेच, पण शंभर वर्षांपूर्वीची ही सीमारेषाही आहे.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या ४५ व्या कलमात लिहिलं गेलं की दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांखालच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकार करेल. १९६० आलं आणि गेलं. शिक्षण मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती लागली, कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्या वर्षी सहाव्या वर्षी पहिलीत बसलेलं मूल पंचवीस वर्षांचं कधी होईल? २०२९ मध्ये. शिक्षण हक्क कायद्याची पहिलीपासूनची पहिली पूर्ण तुकडी अजून संयुक्त राष्ट्रांच्या त्या ६.९ या सरासरीत आलेलीच नाही. त्या सरासरीत आहेत ती १९६० ते २०१० या पन्नास वर्षांत ज्यांना दिलेलं वचन पाळलं गेलं नाही अशी माणसं. ती आज पंचविशीपासून सत्तरीपर्यंतची आहेत. मला या विषयातली ही सगळ्यात बोचणारी गोष्ट वाटते. चूक आपल्याला इतिहासजमा झाल्यासारखी वाटते, पण ज्यांच्या बाबतीत ती घडली ती माणसं अजून आपल्या आसपास काम करत असतात.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ लाक्सेनबुर्गला एक संशोधन संस्था आहे. तिथे वोल्फगांग लुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकसंख्येचा नेहमीचा मनोरा घेतला, म्हणजे खाली मुलं, वर म्हातारी माणसं, डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, आणि प्रत्येक वयोगट शिक्षणाच्या पातळीप्रमाणे रंगवला. हा रंगीत मनोरा वाचायला शिकलं की देशाचं शंभर वर्षांचं चरित्र एका चित्रात दिसतं. दक्षिण कोरियाचं उदाहरण थक्क करणारं आहे. तिथे २५ ते ३४ वयाच्या तरुणांपैकी सुमारे ७० टक्के उच्च शिक्षण घेतलेले आहेत. ५५ ते ६४ वयात हेच प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. बाप आणि मुलगी यांच्यामध्ये इतकं अंतर एका आयुष्यात पडलं.

या मनोऱ्यातून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती ऐकायला बरी वाटत नाही. निरक्षर म्हातारी माणसं वारली आणि शिकलेली मुलं मोठी झाली की देशाची सरासरी आपोआप वर चढते. एकाही प्रौढ माणसाला नव्याने काही शिकवावं लागत नाही. आकडेवारी सुधारायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे आणि बऱ्याच सरकारांनी मुकाट्याने तोच पत्करला. नुसतं थांबायचं.

पण थांबायला नकार देणारेही होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, दिवसभर राबणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. १९५९ मध्ये साताऱ्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्याच शिकलेल्यांनी आणि शिक्षकांनी न शिकलेल्यांना काही महिने शिकवायचं, आणि सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा. मिरवणूक, शपथ, सगळं. मोहीम पुढे राज्यभर पसरली आणि तिची नोंद युनेस्कोनेही घेतली. अडचण आली ती समारंभानंतर. चार महिन्यांत शिकलेली अक्षरं वाचायला काही मिळालं नाही तर वर्षा-दोन वर्षांत पुसली जातात. म्हैसुरात १९४० च्या दशकापासून प्रौढशिक्षण परिषद काम करत होती आणि तिने नवसाक्षरांसाठी सोप्या कानडीत पुस्तकं आणि नियतकालिकं काढली, ती याच जाणिवेतून. अक्षरओळख झालेल्या माणसाला मोठ्या टायपात छापलेलं, त्याच्या कामाचं आणि त्याच्या वयाला शोभणारं वाचन लागतं. लहान मुलांचं पुस्तक हातात दिलं तर त्याला अपमान वाटतो.

१९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान आलं, १९९० मध्ये केरळचा एर्नाकुलम देशातला पहिला पूर्ण साक्षर जिल्हा जाहीर झाला, आपल्याकडे सिंधुदुर्ग आणि वर्ध्यात जोरात काम झालं. सध्या ‘उल्लास’ या नावाने नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी वाचन, लेखन आणि अंकज्ञान यांची परीक्षा असते, प्रत्येकी ५० गुण. या कार्यक्रमाखाली ३० मे २०२५ रोजी गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाला. पूर्ण म्हणजे इथे ९५ टक्के आणि त्यावर.

प्रौढ माणसाचं शिकणं कसं असतं हे बघायचं तर ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाचं उदाहरण घ्या. ८ मार्च २०१६ रोजी तिथे योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका गुलाबी साडी नेसून, दप्तर घेऊन दुपारी वर्गात येतात. दुपार अशासाठी की सकाळची शेतातली आणि घरातली कामं तोवर उरकलेली असतात. प्रौढशिक्षणाचं निम्मं यश वेळापत्रकात असतं, हे त्यातून समजतं. सकाळी दहाला वर्ग ठेवला तर एकही बाई येणार नाही. डोळ्यांना चष्मा नसेल तर पाटीवरचं दिसणार नाही. सून हसली तर दुसऱ्या दिवशी दप्तर कोनाड्यात जाईल. अशा लहान गोष्टी योजनेच्या कागदावर नसतात आणि योजना बुडते ती त्यांच्यामुळेच.

साक्षरतेपुढची पायरी चढू पाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात सतरा नंबरचा फॉर्म आहे. शाळा अर्धवट सुटलेल्यांनी तो भरून बाहेरून दहावीला बसायचं. लग्न होऊन दोन मुलं झालेल्या कितीतरी बायकांनी मुलाबरोबरच अभ्यास करून असा फॉर्म भरलेला आहे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं, त्याने अशांना पदवीचा रस्ता दाखवला. कर्नाटकात १९९६ पासून मैसूरुचं मुक्त विद्यापीठ हे काम करतं.

हेब्बाळकडे परत येताना मराठी माणसांचंच उदाहरण घेऊ, कारण बेंगळूरुत ती थराथराने येत गेली. १६३८ नंतर बेंगळूरु शहाजीराजांची जहागीर झालं आणि त्या काळात आलेल्या घराण्यांचे वंशज आजही शहरात आहेत. घरात मराठी, शाळा कानडी. १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी इथे विमानांचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर एचएमटी आणि बीईएल हे कारखाने हेब्बाळहून फार लांब नसलेल्या जाळहळ्ळीत आले. त्या काळात जे मराठी तरुण आले त्यांच्याकडे पदविका होती किंवा आयटीआयचं प्रमाणपत्र. मग १९९० नंतर संगणकवाले आले, सगळे पदवीधर. कॅन्टीन सांभाळणारे आणि ट्रक चालवणारेही याच काळात आले, त्यांच्यापैकी अनेकांची शाळा आठवी-नववीला सुटलेली. आता ‘बेंगळूरुचा मराठी समाज किती शिकलेला’ असं विचारलं तर कोणत्या थराबद्दल विचारता, असं उलट विचारावं लागतं. स्थलांतर माणसांची निवड करतं. गाव सोडून जाणाऱ्यांत खूप शिकलेले आणि अजिबात न शिकलेले असे दोन्ही टोकांचे जास्त असतात, मधले मागे राहतात. म्हणून मोठ्या शहरांचा मनोरा दोन्ही बाजूंनी ताणलेला दिसतो.

या सगळ्याचा फरक प्रत्यक्ष कुठे पडतो? एकच उदाहरण घेतो, कारण त्यामागे भक्कम पाहणी आहे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा एकूण जननदर २.८ आढळला आणि बारा किंवा जास्त वर्षं शिकलेल्यांचा १.८. एका संपूर्ण मुलाचा फरक. आणि त्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी दहा किंवा जास्त वर्षं शिकलेल्या फक्त ४१ टक्के होत्या. शिकलेली आई लग्न उशिरा करते, दवाखान्यात काय विचारायचं ते तिला माहीत असतं, आणि मुलाच्या वहीत लाल शाईने काय लिहिलंय ते ती स्वतः वाचते. त्यामुळे प्रौढांचं शिक्षण आणि मुलांचं शिक्षण या दोन वेगळ्या योजना नाहीतच. खातं वेगळं असेल, घर एकच आहे.

एक इशारा मात्र द्यायला हवा. शाळेत काढलेली वर्षं म्हणजे आलेलं ज्ञान नव्हे. मुंबईत सुरू झालेली ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ पाहणी करते. ग्रामीण भागात पाचवीतल्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, असं त्यात वर्षानुवर्षं आढळत आलं आहे. ही मुलं पुढे प्रौढांच्या तक्त्यात ‘प्राथमिक पूर्ण’ म्हणून मोजली जातील. याच्या उलट टोकही हेब्बाळजवळच दिसतं. जीकेव्हीकेच्या आवारात दर वर्षी कृषी मेळा भरतो, हजारो शेतकरी येतात. ज्यांच्या नावावर चार इयत्तासुद्धा नाहीत अशी माणसं नाचणीच्या वाणांसमोर उभं राहून प्राध्यापकांना पेरणीच्या अंतराबद्दल असे प्रश्न विचारतात की उत्तर द्यायला त्यांना विचार करावा लागतो. तक्त्यात या ज्ञानाला रकाना नाही.

देशाची पुढची जनगणना आता १ मार्च २०२७ या तारखेच्या हिशेबाने होणार आहे. २०११ नंतर सोळा वर्षांनी प्रौढांच्या शिक्षणाचे नवे आकडे मिळतील आणि वर्तमानपत्रांत साक्षरतेची एकच टक्केवारी मोठ्या अक्षरांत येईल. तिच्यापाशी थांबू नये. ३५ ते ५९ वयाच्या स्त्रियांची रांग काढून बघावी, जिल्हा-जिल्हा बघावा, त्यातल्या ‘निरक्षर’ आणि ‘प्राथमिकपेक्षा कमी’ या दोन रकान्यांची बेरीज करावी. आणि प्रगणक आपल्या दारी येईल तेव्हाची एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. घरातल्या सगळ्यांची माहिती बहुधा एकच माणूस देतो, बऱ्याचदा कर्ता पुरुष, आणि तो बायकोचं शिक्षण लग्नाच्या वेळी जे ऐकलं होतं तेच सांगतो. तिने मधल्या काळात सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली असेल तर ती त्याच्या लक्षात असतेच असं नाही. त्या रकान्याचं उत्तर तिने स्वतः, दारात येऊन, द्यावं.